फक्त ब्रेक

२ फेब्रुवारी, सोमवार

पाटी लागली. ‘फक्त ब्रेक’. निळ्यावर पांढरी अक्षरं. शेवटच्या ‘क’ला जागा पुरली नाही म्हणून रंगाऱ्याने तो चेपून बसवला आणि वर मलाच म्हणाला, “गाडी थांबवली की नीट वाचता येतंय.” म्हटलं, ज्यांची थांबत नाही त्यांच्यासाठीच पाटी आहे, बाबा. तो काही हसला नाही.

गाळा दोन गाड्या दाटीवाटीने मावतील एवढा. मागे नळ, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर माझं शिवणयंत्र झाकून ठेवलेलं. कामाची वाटणी अशी की नवरा गाडीत आणि मी गाडीखाली. त्यांना मी इथे उस्ताद म्हणणार, कारण खालून हाक मारताना तेच म्हणते. ‘अहो’ इंजिनाच्या आवाजात ऐकूच जात नाही. उस्तादांनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकची कामं केली, मग गिअरबॉक्स उचलताना पाठ गेली आणि डॉक्टरांनी गाडीखाली झोपायला बंदी केली. तेव्हा त्यांनी मला शिकवलं. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला पाना धरायला शिकवलं म्हणून पूर्वीचे सोबती अजून त्यांची चेष्टा करतात.

त्यांचा एक नियम मात्र कडक आहे. गाडीखालून निघालेल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या सीटवर बसायचं नाही, तेलाचा डाग पडतो. त्यामुळे ब्रेक बनवते मी, पण पेडल कसं झालं ते सांगणार उस्ताद. चक्कर मारून आणणारही तेच. गाडी मलाही चालवता येते, पण मी आजवर गिऱ्हाइकाचं एकही पेडल दाबलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली गाडी पाववाल्याची. पावाच्या ट्रेंनी भरलेली पांढरी व्हॅन. तक्रार अशी की सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली जातं. “लिफ्टमध्ये बसल्यासारखं वाटतं, वहिनी.” चारही चाकं पाहिली, तेल कुठेच गळत नव्हतं. बाहेर गळत नसेल तर आतल्या आत पळतंय, म्हणजे पेडलच्या पुढचा मास्टर सिलिंडर गेला. त्याच्या आतलं रबर झिजलं की तेल दाबाखाली मागे सटकतं. स्पेअरपार्टवाल्याकडून नवीन आणला, बसवला.

मग हवा काढली. हे काम एकट्याचं नव्हे. पेडलचा दाब चाकापर्यंत तेल नेतं. नळीत हवा शिरली की पाय नुसता हवेलाच दाबत बसतो आणि चाकाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून वरच्या माणसाने पेडल दाबून धरायचं, खालच्याने चाकाजवळचं निपल, तेल सोडायची बारीक तोटी, सैल करायचं, तेल आणि बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल आवळायचं, आणि मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा परत आत.

“दाबा.” “दाबलं.” “धरा.” “धरलंय.” “सोडा.” दिवसभर आमच्यात एवढंच बोलणं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं पुष्कळ आहे.

उस्ताद चक्कर मारून आले आणि म्हणाले, “दगड.” पेडल घट्ट झालं की ते दगड म्हणतात. त्यापलीकडे शाबासकी नाही. मग नळावर जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि परत भरून घेतला.

९ फेब्रुवारी, सोमवार

गणिताच्या बाई आल्या. त्यांची छोटी लाल गाडी, आणि तक्रार पाववाल्याच्या बरोबर उलटी. पेडल दाबलंच जात नाही, दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखं दाबावं लागतं. उस्तादांनी मला परीक्षेला बसवलं. “सांग.”

मी म्हणाले, “इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा मारा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. बूस्टर चालत असेल तर पेडल पायाखाली थोडं आत जाईल.” बूस्टर म्हणजे पेडलमागचा तो डबा, इंजिनाच्या ओढीवर पायाला मदत करतो. त्यांनी करून पाहिलं. “गेलं का आत?” ते जरा थांबले. “नाही… नाही गेलं.” मी बॉनेट उघडून कान दिला. बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी पाइपला चीर होती, फुस्स करत होती. पाइप बदलला, झालं.

तेल काळं पडलं होतं, म्हणून तेही बदललं आणि हवा काढली. “दगड,” उस्ताद म्हणाले. बाईंनी विचारलं, “मी स्वतः पाहू?” उस्ताद म्हणाले, “बाई, मी पाहिलंय.” बाईंनी चावी घेतली. आमच्या उस्तादांचा आवाजच तसा आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

पाववाला परत आला.

या धंद्यात गाडी परत येणं म्हणजे काय ते लिहून ठेवते. पंख्याचं काम परत आलं तर माणूस घामाघूम होतो, ब्रेकचं परत आलं तर माणूस येईलच असं नाही. दुकान उघडून दहा दिवस नाही झाले.

“वहिनी, आता खाली नाही जात, पण लोण्यासारखं मऊ लागतं. पहिल्या दाबाला काहीच नाही, दुसऱ्याला जरा, तिसऱ्याला लागतो.” हे हवेचं लक्षण, शेंबडं पोर सांगेल. उस्ताद बसले, दाबलं. “मला तर ठीक वाटतंय.” पाववाला तोंडाकडे बघत राहिला. आम्ही पुन्हा हवा काढली. बुडबुडे आले. म्हणजे हवा होती! कुठून आली?

तडक स्पेअरपार्टवाल्याकडे गेले. म्हटलं, “मास्टर सिलिंडर डुप्लिकेट दिलास.” तो म्हणाला, “वहिनी, खोक्यावरचं सील तुम्हीच फोडलंत.” मी म्हणाले, सील कोणीही चिकटवतं. चार माणसांत त्याची शोभा केली आणि आले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गणिताच्या बाईंची गाडी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीला ठोकली. मुलं सुटायच्या आधी, म्हणून कोणी समोर नव्हतं. बंपर फाटला, दिवा गेला. बाई स्वतः गाडी हळूहळू चालवत घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पहिल्यांदा दाबलं तेव्हा पेडल अर्ध्याच्या खाली गेलं,” म्हणाल्या. “दुसऱ्यांदा दाबेपर्यंत भिंत आली.”

त्यांच्या गाडीत मी मास्टर सिलिंडर घातलेलाच नाही. म्हणजे स्पेअरपार्टवाल्याचा काही संबंध नाही. तेलाचा डबाही नवा, माझ्यासमोर उघडलेला. मग उरलं कोण? निपल मी उघडते, मीच आवळते. आवळायला क्षणभर उशीर झाला तरी हवा शिरते. मी उस्तादांना म्हणाले, “चूक माझ्या हाताची आहे.”

ते नळाकडे बघत होते. म्हणाले, “असेल.”

एवढंच. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज पोटभर चिडले. गाळ्यासमोर आले तर रस्त्याच्या मधोमध उस्तादांची एक चप्पल. ते स्वतः आत गाडीपाशी, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि खाली सगळीकडे लोखंडाचा चुरा. “अहो, चप्पल कुठाय?” त्यांनी खाली पाहिलं. “अरेच्चा.” लहान मुलासारखं. लक्ष कुठे असतं यांचं? गाडी ठोकली माझ्यामुळे आणि भान हरपलंय यांचं.

सासूबाई आमच्याकडेच असतात. दुपारी गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चालण्यावर शेरे मारतात. म्हणाल्या, “हा पाय आपटत चालायला लागलाय. बदकासारखा. आणि पाणी बघ किती ढोसतो.” मी म्हणाले, “आई, काळजीने होतंय. दुकानाची काळजी.” त्या म्हणाल्या, “काळजीने माणूस पाणी पितो होय? याचा बाप काळजीने जेवायचा.”

उस्तादांना आता बूट आणून दिलेत. घट्ट लेसचे.

ठरवलंय. यानंतर एक गाडी जरी परत आली तरी पाना खाली ठेवायचा आणि शिवणयंत्रावरची चादर काढायची. कपडा उसवला तर कोणी भिंतीला जाऊन आदळत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी उस्तादांनी बूट काढले तर मोजा रक्ताने चिकटलेला. बुटात नट निघाला. चांगला अंगठ्याच्या नखाएवढा, षट्‌कोनी. टाचेला सहाही कोपरे उमटलेले. सकाळपासून तो घेऊन हिंडत होते! मी म्हटलं, “तुम्हाला कळलं कसं नाही?” म्हणाले, “कामात होतो.” जखम धुताना मीच डोळे मिटून घेतले, ते आपले छताकडे बघत बसले होते. सोसायची ताकद आहे माणसात, हे कबूल.

मग मलम लावत असताना म्हणाले, “मी काय म्हणतो, एक माणूस ठेवू या का कामाला?”

झालं. माझा पाराच चढला. म्हणजे माझ्या जागी गडी आणणार! “ठेवा ना,” म्हणाले. “बायकोच्या हाताला काही येत नाही म्हणून बाहेर पाटीही लावा. एक ‘क’ चेपून बसवलाय, हेही बसेल.” ते म्हणाले, “अगं, ऐकून तर घे, मी—” मी ऐकून घेतलं नाही. मलम तिथेच ठेवून पोटमाळ्यावर गेले.

रडले थोडी. उगाच नाही, इतक्या कष्टाने शिकले मी हे. पहिल्यांदा निपल उघडलं तेव्हा तेल डोळ्यात गेलं होतं आणि तरी मी पाना सोडला नव्हता. तेव्हा हेच म्हणाले होते, “ही टिकेल.”

२३ फेब्रुवारी, सोमवार

उस्ताद बूस्टरचं सामान आणायला बाजारात गेलेले, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. नेमका पाववाला दारात. पुन्हा मऊ. “वहिनी, आता काहीतरी कराच. नाहीतर मला दुसरीकडे न्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट कसलं वाटून घेणार. पाना खाली ठेवायचं ठरवलं होतं, तरी अशी गाडी रस्त्यावर कशी सोडू? पण पेडलवर बसायला माणूस नव्हता. पाववाल्याच्या हाताला पीठ, पायाला पीठ, शिवाय तो सारखा फोनवर ट्रे मोजत होता. मी दाराकडे पाहिलं. सासूबाईंनी शेंगा खाली ठेवल्या.

“मला चालवता येत नाही हं,” म्हणाल्या.

“चालवायची नाहीये, आई. दाबायची आहे.”

दोन उशा पाठीशी देऊन त्यांना बसवलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं की गाडी आता घाटात निघालीय. मी खाली गेले. “दाबा!” वरून आवाज, “दोन्ही पायांनी दाबू?” “दाबा, आई, कसंही दाबा!” “दाबलं!” “मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही.” “मी एकदा धरलं की सोडत नाही, तुझ्या सासऱ्यांना विचार!” सासरे जाऊन किती वर्षं झाली, पण असते तर हो म्हणाले असते. प्रत्येक चाकाला त्यांचं एकच पालुपद, “अगं किती वेळ, पोटरी भरून आली माझी, बोटांना मुंग्या आल्या.” पण धरलं.

पाववाला बसला, दाबलं, आणि भुवया वर गेल्या. “आज लागलं!” रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. “वहिनी, आज हात बसला तुमचा.”

खरंच बसला असेल. सासूबाईंसमोर चुकू नये म्हणून मी निपल फार नीट आवळत होते, तेच कारण असणार. उस्ताद आल्यावर सांगितलं. त्यांनी विचारलं, “पेडलवर कोण होतं?” मी सांगितलं. ते हसले नाहीत. नुसते बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज सगळं जसं झालं तसं लिहिते.

बंपर बसवायला गाडी इतके दिवस दुसरीकडे उभी होती, ती घेऊन गणिताच्या बाई आल्या. म्हणाल्या, “हवा माझ्यासमोर काढा आणि या वेळी पेडल मी दाबून बघणार.” उस्ताद सीटवर जाऊन बसले. मी परवासारखीच नीट, अगदी जपून, चारही चाकं केली. दाबा, धरा, सोडा. “दगड,” उस्ताद म्हणाले. बाई बसल्या. पेडल दाबलं आणि माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली.

परवा दगड आणि आज लोणी. तोच पाना, तसंच तेल, तेच हात.

“परवा काय वेगळं होतं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले, आणि दारातल्या सासूबाईंच्या खुर्चीकडे नजर गेली.

उस्तादांना म्हटलं, “पुन्हा एकदा करू. मागचं डावं चाक.” ते बसले. मी गाडीखाली सरकले, “दाबा” म्हणाले, “धरा” म्हणाले. “धरलंय.” मी निपलला हात लावला नाही. दुसऱ्या बाजूने बाहेर निघाले, वाकून उघड्या दारातून आत पाहिलं.

उस्ताद समोर काचेतून बघत होते. ताठ. हात स्टिअरिंगवर. आणि पाय पेडलवरून घसरून बाजूला गेला होता. बुटाचं टोक पेडलला नुसतं टेकलेलं, टाच मॅटवर. पेडल पूर्ण वर.

“धरलंय ना?” मी विचारलं. माझा आवाज जवळून आला, तरी त्यांना ते उमगलं नाही.

“अगं धरलंय म्हटलं ना, उघड की निपल!”

खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं मी तो आवाज ओळखते. मी हात आत घालून त्यांच्या बुटावर ठेवला आणि जोरात दाबला. ते तसेच समोर बघत राहिले. मी हात आहे तिथेच ठेवला आणि म्हणाले, “उस्ताद, खाली बघा.”

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या. चांगल्या आहेत बाई.

आणि मग माझ्या डोक्यात दुसरं लख्ख झालं. जो पाय धरू शकत नाही, त्याच पायाने हे ‘दगड’ म्हणत होते. आणि त्याच पायाने प्रत्येक गाडीची चक्कर मारत होते, रस्त्यावर, माणसांमधून. मी हात पुढे केला. म्हणाले, “चावी.”

दिली त्यांनी. मला वाटलं होतं, भांडतील.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांकडे. साखर भयंकर वाढलेली, बहुतेक वर्षभर तरी असणार म्हणाले, आणि त्यानेच पायातल्या नसा बधिर झाल्यात. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्याला दोरा लावला, “लागलं की सांगा.” उस्ताद वाट बघत बसले. दोरा दोन्ही तळव्यांवर फिरून झाला तरी ते वाटच बघत होते. तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

साखर आवरता येईल. गेलेली जाणीव परत येईल का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. गाडी चालवणं बंद.

घरी येताना रस्त्यातच भांडले मी. “तुम्हाला कळत नव्हतं?” म्हणाले, “पाय झोपल्यासारखा वाटायचा. वाटलं, पाठीचं असेल. पण पेडल धरलंय असंच वाटायचं गं मला. शपथ घेऊन सांगितलं असतं.” मी म्हटलं, “आणि मी चूक माझी म्हणाले तेव्हा? ‘असेल’ म्हणालात!” त्यांनी चाल मंदावली. मग म्हणाले, “तेव्हा थोडी शंका आली होती. भीती वाटली. तुझ्यावर गेलं ते बरंच झालं असं वाटलं, एक-दोन दिवस.”

फार राग आला. अजून आहे. तो लिहून जाणार नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, “म्हणून माझ्या जागी माणूस आणत होतात?”

ते थांबले. “तुझ्या जागी कशाला? पेडलवर बसायला हवा होता माणूस. तू ऐकलंस कुठे.”

मग दोघंही चालत राहिलो. त्यांचा पाय आपटत होता. खरंच बदकासारखा. इतके दिवस सासूबाईंना दिसत होतं आणि मी रोज त्याच पायाशी पडलेली असून मला दिसलं नाही.

३ मार्च, मंगळवार

उघडल्यापासून गेलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. मी म्हणाले, “गुपचूप सांगू, तेल बदलायचंय म्हणून.” उस्ताद म्हणाले, “नाही.” खुर्ची टाकून दारात बसले आणि येईल त्याला स्वतः सांगितलं. पाववाल्याला म्हणाले, “हिचं काम आधीपासून चोख होतं. माझा पाय सुटत होता आणि मला कळत नव्हतं.” त्याने पावाची लादी काढून दिली. मग आठवलं, साखर. परत घेतली, परत दिली, शेवटी सासूबाईंच्या हातात ठेवून पळाला.

गणिताच्या बाईंना भिंतीचा खर्च देऊ म्हणालो. म्हणाल्या, “भिंत शाळेची आहे आणि आधीच वाकडी होती.”

पेडलवर दिवसभर सासूबाई. आता उशी एकच लागते. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “आजी, तुम्ही मेकॅनिक का?” म्हणाल्या, “मी वरची. खालची ती.”

राहिलं एकच. स्पेअरपार्टवाल्याकडे जाऊन, चार माणसं दुकानात असताना, माफी मागितली. त्याने दुकानात आणखी कोणी येतंय का ते पाहिलं आणि म्हणाला, “जरा मोठ्याने, वहिनी.” मोठ्याने मागितली.

८ मार्च, रविवार

बाईंची लाल गाडी शेवटची होती. हवा काढून झाली, निपलं पुसून कोरडी केली. आता पेडल कोण पाहणार आणि चक्कर कोण मारणार? मी हात धुऊन दाराशी उभी राहिले. कपडे तसेच, तेलकट. तो नियम.

उस्ताद पोटमाळ्यावर गेले. कठड्यावरचा हात न सोडता, एकेका पायरीकडे बघत. तळवे आता डोळ्यांनी सांभाळावे लागतात. खाली आले ते शिवणयंत्रावरची चादर घेऊन. गाडीचं दार उघडून ती सीटवर अंथरली, कोपरे खोचले आणि म्हणाले, “बस.”

बसले. पेडल दाबलं. बोटभर आत गेलं आणि तिथे थांबलं. एवढी वर्षं ऐकलेला शब्द मला तळपायाला कळला.

ते वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. रविवारचा रस्ता मोकळा होता. पहिल्या वळणाला मी ब्रेकवर पाय न्यायच्या आतच त्यांचा उजवा पाय पुढे सरकला आणि मॅटवर टेकला. तिथे पेडल नाही, नुसता पत्रा. दुसऱ्या वळणाला तेच. सिग्नल आला, मी गाडी थांबवली. शेजारी पाय गच्च दाबलेला, बूट वाकलेला, गुडघा ताठ.

“तुम्ही काय दाबताय?”

“मी? मी कुठे काय दाबतोय?”

“खाली बघा.”

त्यांनी पाहिलं. आणि हसले, त्या दिवसापासून पहिल्यांदा. पाय मात्र काढला नाही.

“कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“दगड,” मी म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मी म्हणाले, “सोडा आता.” त्यांनी खाली बघत पाय उचलला, उचललाय ना ते नीट पाहिलं, आणि म्हणाले, “सोडला.” मग मी गाडी पुढे घेतली.